स्मार्ट उपकरणांच्या धोरणात देखभालीचा पैसा कुठे आहे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विकसनशील देशांनी इंटरनेटला जोडलेल्या स्मार्ट उपकरणांसाठी राष्ट्रीय धोरण कसे आखावे, यावर हल्ली बरेच लिहिले-बोलले जाते. त्या चर्चेत एक गोष्ट मला सतत खटकते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत उरकण्यासारखा नाही.

भारताने या विषयावरचा धोरणाचा मसुदा ऑक्टोबर २०१४ मध्ये मांडला. २०२० पर्यंत १५ अब्ज डॉलरचा उद्योग उभा करायचा, हे त्यातले ठळक उद्दिष्ट होते. मलेशियाने २०१५ मध्ये आपला आराखडा जाहीर केला. या तंत्रज्ञानामुळे २०२० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात साडेनऊ अब्ज रिंगिटची आणि २०२५ पर्यंत साडेबेचाळीस अब्जांची भर पडेल, असा त्यांचा अंदाज होता. उद्योग वाढावा, रोजगार मिळावा, हे कोणाला नको आहे? पण वरच्या पानावर बाजारपेठेचा आकडा असला की खालची सगळी यंत्रणा त्याच मापाने मोजू लागते. किती उपकरणे घेतली, किती बसवली, किती निधी खर्ची पडला. पाचव्या वर्षी त्यातली किती चालू आहेत, हे कोणी विचारत नाही. माझी मागणी अशी की धोरणाने तोच आकडा आधी धरावा आणि तो टिकवायला दरवर्षी लागणारा पैसा पहिल्या दिवशीच मंजूर करावा.

माझी सगळी नोकरी टेलिमेट्रीत गेली. विहिरीतली भूजलपातळी, जलाशयाची पातळी, जलवाहिनीतला दाब मोजायचा आणि तो आकडा मोबाइल नेटवर्कवरून मुख्य कार्यालयात पोचवायचा, अशी उपकरणे बसवणे, तपासणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम होते. बाहेरून पाहिले तर ही एक राखाडी पेटी असते. आत मापे नोंदवून ठेवणारा डेटा लॉगर, ती नेटवर्कवर पाठवणारा मोडेम, बॅटरी, सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर आणि एका कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. ते जेल निळे असेल तर पेटीत ओल शिरलेली नाही, गुलाबी झाले असेल तर शिरली आहे. पेटी उघडल्यावर मी आधी तिकडेच बघत असे, कारण पुष्कळदा बिघाडाचे अर्धे उत्तर तिथेच मिळायचे.

अशाच एका विहिरीवरचे उपकरण ‘सदोष’ म्हणून नोंदले गेले होते आणि त्याच्या जागी नवे घेण्याचा प्रस्ताव फायलीत पुढे सरकत होता. मी पेटी उघडली. जेल निळे. बॅटरीचे व्होल्टेज व्यवस्थित. विहिरीत फीतमाप सोडून पातळी घेतली, ती लॉगरच्या छोट्या पडद्यावरच्या आकड्याशी जुळली. अँटेना जागेवर, टॉवरचा सिग्नल चांगला. बंद होते ते फक्त सिम. पुरवठादाराच्या कंत्राटात डेटाचे पैसे हमीच्या काळापुरते धरले होते. हमी संपली आणि सिमही संपले. उपकरणाची खरेदी भांडवली खर्चाच्या शीर्षाखाली झाली होती, रिचार्जला मात्र कोणतेच लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातला खर्चाचा कप्पा, नव्हते. नवे यंत्र घ्यायला पैसे होते आणि जुन्या चांगल्या यंत्राचे सिम चालू ठेवायला नव्हते. ही एका माणसाची चूक म्हणता येणार नाही. फाइलवर सही करणारा प्रत्येक जण नियमाने वागत होता, नियमच तसा होता.

याहून धोकादायक बाब वेगळीच. त्या विहिरीचा मुख्य कार्यालयातल्या पडद्यावरचा ठिपका तेव्हाही हिरवाच होता. शेवटचे आलेले माप तिथे दिसत होते आणि ते कधी आले याची वेळ दिसत नव्हती. पाहणाऱ्याला वाटणार, पातळी स्थिर आहे. विहिरीच्या बाबतीत यातून फार तर नियोजन चुकेल. नदीच्या पूरमापकाच्या बाबतीत याच चुकीने माणसे मरतील. प्रत्येक मापाशेजारी त्याची वेळ दाखवायची आणि ठरलेल्या मुदतीत नवे माप आले नाही तर ठिपका लाल करायचा, एवढा साधा नियम राष्ट्रीय धोरणात एका ओळीत लिहिता येतो. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक यंत्रणेला तो सक्तीचा करावा.

आर्थिक वर्ष, लेखाशीर्ष, हमीचा काळ या कचेरीतल्या कंटाळवाण्या बाबी वाटतील. इंडोनेशियाकडे पाहा. २००४ च्या महाभयंकर त्सुनामीनंतर तिथे समुद्रात लाटांची सूचना देणारे तरंगते बोये सोडण्यात आले. परदेशांनीही मदत केली. काही वर्षांतच त्यांची मोडतोड झाली, देखभालीला पैसा मिळेना, आणि २०१२ पासून २२ पैकी एकही बोया काम करत नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये पालू शहरावर भूकंप आणि त्सुनामी कोसळली तेव्हा हे सत्य तिथल्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या प्रवक्त्यानेच जगाला सांगितले. त्या आपत्तीत चार हजारांहून अधिक माणसे गेली. न्यायाने बोलायचे तर पालूच्या खाडीत लाट अवघ्या काही मिनिटांत आली, त्यामुळे बोये चालू असते तरी कितीजण वाचले असते याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण सलग सहा वर्षे एका देशाची त्सुनामी-सूचक यंत्रणा समुद्रात मुकी पडून राहते, आणि त्यासाठी कोणाचेही उद्दिष्ट हुकलेले नसते, कारण उद्दिष्ट बोये सोडण्याचे होते. हे मला विसरता येत नाही.

आता उलटे उदाहरण सांगते, कारण हे होऊ शकते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यात एक छोटे उपकरण बसवले. दांडा किती वेळा वर-खाली होतो हे ते मोजायचे आणि मोबाइल नेटवर्कवरून तो आकडा एसएमएसने पाठवायचे. तंत्र अगदी साधे. पंप चालेनासा झाला की दांडा हलणे थांबते आणि आकडा शून्यावर येतो. त्याआधी बिघडलेला पंप दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागत होते. प्रयोगाच्या काळात ते तीन दिवसांच्या आत आले. २७ दिवस म्हणजे काय, हे रोज डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला विचारा.

मात्र या यशाचे श्रेय निव्वळ त्या दांड्यातल्या उपकरणाला दिले तर आपण पुन्हा फसू. पंप बंद पडल्याचा निरोप ज्याच्याकडे जायचा तो मेकॅनिक नेमलेला होता, त्याच्याकडे सुटे भाग होते, आणि तिथवर पोचण्याची सोय होती. पुढे याच कामातून दुरुस्तीची कायमस्वरूपी स्थानिक सेवा उभी राहिली. उपकरणाने कळवायचे आणि माणसाने जायचे, अशी ही जोडी आहे. धोरणात मला पहिल्या अर्ध्या भागाचीच पाने दिसतात. माणसाची पाने कुठे आहेत? आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना सेन्सर कॅलिब्रेट करणे (म्हणजे त्याचे माप खऱ्या मापाशी जुळवणे), अँटेनाची केबल तपासणे, फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) भरणे शिकवणार कोण? त्यांना नोकरी कुठल्या पदनामाने मिळणार? यंत्रमानवांच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्कृष्टता केंद्रांची घोषणा होते, आनंदच आहे. पण एका जिल्ह्यात हजारो मीटर आणि सेन्सर असतील आणि ते उघडता येणारे दोनच जण असतील, तर ती केंद्रे काय कामाची?

लसी थंड ठेवून पोचवणाऱ्या शीतसाखळीवर लक्ष ठेवणारी भारतातली ‘ईविन’ यंत्रणा मला म्हणूनच आवडते. लसींच्या फ्रिजमध्ये तापमान नोंदवणारे सिम असलेले लॉगर आहेत, लसी साधारणपणे दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हव्यात आणि पारा मर्यादेबाहेर गेला की इशारा जातो. पण तो इशारा ज्या माणसाकडे जातो त्याला प्रशिक्षण आहे आणि ती त्याची नेमलेली जबाबदारी आहे. यंत्रणा आखतानाच माणूस आखला होता.

आता सुरक्षिततेकडे येते. या प्रकरणात गरीब देशांवर दुहेरी मार बसतो आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम पसरला. त्याची युक्ती बालिश होती. कॅमेरे, राउटर, व्हिडिओ रेकॉर्डर कारखान्यातून येताना ज्या ठरावीक नाव-पासवर्डांसह येतात, अशा साठेक जोड्यांची यादी त्याच्याकडे होती आणि तो इंटरनेटवर दिसेल त्या उपकरणावर एकेक जोडी वापरून बघायचा. एवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. त्या उपकरणांचा मोठा वाटा दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियात होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी याच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याची सेवा चालवणाऱ्या अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. जगभर मथळे झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची पाळी आली. त्या देशातल्या लोनस्टार या मोबाइल कंपनीवर मिराईच्या एका अवताराने हल्ले झाले. हल्ला करणाऱ्या ब्रिटिश इसमाला प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाने पैसे दिले होते. जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षे आठ महिन्यांची कैद सुनावली. दुसऱ्या कुठल्या तरी खंडातल्या घराच्या दारावरचा कॅमेरा, ज्याचा पासवर्ड कोणी बदलला नाही, तो लायबेरियातल्या लोकांच्या मोबाइल सेवेवर चाल करून गेला. त्या कॅमेऱ्याच्या मालकाला याचा पत्ताही नसेल.

यातून श्रीमंत देश शिकले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन उपकरण विकणे कायद्याने बंद झाले, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील हे खरेदीच्या वेळी सांगणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा २०२४ च्या डिसेंबरात अमलात आला, त्यातल्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. चांगलेच आहे. पण मग तिथे विकता न येणारा माल जाणार कुठे? जिथे नियम नाही तिथे. रंगात शिसे, गाडीत जुने इंजिन, औषधात मुदतबाह्य साठा, या सगळ्यांचा प्रवास आपण पाहिला आहे. स्मार्ट बल्ब आणि कॅमेऱ्यांचा प्रवास वेगळा होईल असे मानायला काही आधार नाही.

इथे विकसनशील देशांनी वेळ दवडू नये. स्वतःचे मानक शून्यातून लिहीत बसायची गरज नाही. युरोपीय मानक संस्थेचे २०२० चे ‘ईएन ३०३ ६४५’ हे ग्राहक-उपकरणांचे मानक तयार आहे आणि त्यातल्या पहिल्या तीन अटी कोणालाही समजतील अशा आहेत. सर्वांना एकच पासवर्ड नको, दोष कळवायला पत्ता हवा, आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा. भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये याच धर्तीवर आचारसंहिता प्रसिद्ध केली. ती मार्गदर्शक होती. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी मात्र सुरक्षा चाचणी २०२५ पासून सक्तीची झाली, आणि दिशा हीच हवी. सगळ्याच उपकरणांना एकदम जड नियम लावले तर छोटे स्वदेशी उत्पादक मरतील, हे मला मान्य आहे. म्हणून क्रम हवा. आधी कॅमेरे आणि राउटर, कारण हल्ल्यांत तीच वापरली जातात. मग मीटर आणि वैद्यकीय उपकरणे. खेळणी आणि बल्ब नंतर. ज्या देशाला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही त्याने शेजाऱ्यांबरोबर सामाईक उभारावी किंवा दुसऱ्याचे प्रमाणपत्र मान्य करावे. सिंगापूरचे सुरक्षा लेबल आणि फिनलंडचे लेबल एकमेकांना चालते. मग पूर्व आफ्रिकेत किंवा दक्षिण आशियात असे का होऊ नये?

परवाने, कर आणि क्रमांक यांबद्दल थोडक्यात. ब्राझीलने जून २०१९ मध्ये राष्ट्रीय आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या) योजनेचा हुकूम काढला, शहरे, आरोग्य, शेती आणि उद्योग या क्षेत्रांना प्राधान्य दिले. तरी गाडी अडत होती, कारण तिथल्या दूरसंचार नियमांत प्रत्येक जोडणीमागे शुल्क होते. दिवसातून चार आकडे पाठवणाऱ्या सेन्सरलाही ते द्यावे लागे. डिसेंबर २०२० च्या कायद्याने यंत्रा-यंत्रांतल्या जोडण्यांवरचे हे शुल्क शून्य केले. योजना कागदावर यायच्या आधीच करखात्याशी बोलायला हवे, हा त्यातला धडा. भारताने यंत्रांच्या सिमसाठी २०१८ पासून १३ अंकी क्रमांक ठेवले आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीच विनापरवाना वापराला मोकळा केला. हे बरोबर झाले. अशा पट्ट्यांवर कमी विजेत दूरवर संदेश पाठवणारे सेन्सर चालतात, आणि सिमच नसले की सिमचा रिचार्जही नसतो. मात्र अनेक सेन्सरचे संदेश गोळा करून पुढे पाठवणारा गेटवे आणि त्याची जोडणी तिथेही सांभाळावीच लागते.

ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिकडे वळते. दूर बसून कुलूप लावण्याची ताकद.

केनियात एम-कोपा कंपनी २०१२ मध्ये हप्त्यांवर घरगुती सौर संच विकू लागली. संचात सिम असते, हप्ता मोबाइलवरून एम-पेसा या पैसे पाठवण्याच्या सेवेने भरायचा. भरला की दिवे चालू, थकला की संच लांबूनच बंद. ज्यांना कोणती बँक दारात उभी करत नव्हती अशा मोठ्या संख्येच्या कुटुंबांकडे यामुळे रॉकेलऐवजी वीज आली. मी या पद्धतीच्या विरोधात मुळीच नाही. हे कुलूप आहे म्हणूनच कर्ज मिळाले, हेही मला कळते. पण आज तो दिवा आहे, उद्या पाण्याचा मीटर, परवा शेतातला पंप, त्यानंतर ऑक्सिजनचे यंत्र. वीज-पाणी तोडायला पूर्वी माणूस यायचा. त्याच्याशी बोलता यायचे, घरात आजारी माणूस आहे हे त्याला दिसायचे. आता सर्व्हरवरची एक आज्ञा पुरते, आणि ती आज्ञा चुकून गेली तर दाद मागायला एक टोल-फ्री क्रमांक उरतो.

म्हणून कायद्यात स्पष्ट लिहा. किती दिवस आधी, ग्राहकाच्या भाषेत सूचना द्यायची. रात्री, सुटीच्या दिवशी आणि टोकाच्या हवामानात तोडायचे नाही. आजारी माणसाच्या जीवनावश्यक उपकरणाचा पुरवठा बंद करता येणार नाही. नेटवर्कच गेले म्हणून पैसे भरल्याचा निरोप उपकरणाला मिळाला नाही, तर उपकरण चालू राहील, बंद होणार नाही. हा शेवटचा मुद्दा अभियंता म्हणून फार जोर देऊन मांडते. संपर्क तुटल्यावर उपकरणाने कसे वागायचे हे ते बनवतानाच ठरते, आणि आज ते विकणारा ठरवतो. तो निर्णय समाजाचा आहे.

माहितीच्या मालकीबाबतही तसेच. ब्राझीलने २०१८, केनियाने २०१९ आणि भारताने २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे कायदे केले. त्यांत माणसाच्या संमतीला मोठे स्थान आहे. मीटर मात्र काही विचारत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विजेच्या नोंदींवरून घरात माणसे कधी उठतात, घर कधी रिकामे असते, नवे यंत्र कधी आले, हे सगळे वाचता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने याच खासगीपणाच्या चिंतेपोटी २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती रोखून धरली होती. बिल काढायला महिन्याची बेरीज पुरत असेल तर बाकीच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कोणाला द्यायच्या, हे मीटर भिंतीवर चढण्यापूर्वी ठरले पाहिजे. शेतकऱ्याच्या मातीतल्या ओलाव्याचा, पिकाच्या आणि उत्पन्नाच्या आकड्यांचाही हाच प्रश्न आहे. ते आकडे शेतकऱ्याआधी व्यापाऱ्याला दिसले तर भाव कोण ठरवेल हे सांगायला नको.

आयुष्यमानाचा मेळ हा आणखी एक दुर्लक्षित विषय. मीटर किंवा सेन्सर दहा-पंधरा वर्षांसाठी घेतला जातो. मोबाइलची पिढी आणि कंपनीचा सर्व्हर तेवढे टिकतीलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेने टूजी आणि थ्रीजी सेवा बंद करण्यासाठी २०२७ ची मुदत ठरवली. अनेक विकसनशील देशांत भिंतीवरची, खांबावरची, वाहनांतली उपकरणे अजून टूजीवर बोलतात, कारण तोच मोडेम स्वस्त मिळत होता. नेटवर्क बंद झाले की ती एका रात्रीत बहिरी होणार. सर्व्हरचे तर विचारूच नका. अमेरिकेत २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह या घरगुती उपकरणाचा सर्व्हर मालक कंपनीने बंद केला आणि विकत घेतलेली यंत्रे निरुपयोगी झाली. २०२२ मध्ये घरगुती स्मार्ट उपकरणे विकणाऱ्या इन्स्टिऑनचे सर्व्हर तर ग्राहकांना पूर्वसूचनाही न देता थांबले. श्रीमंत घरातला दिवा ॲपवरून लागेनासा होणे आणि एका अख्ख्या देशाच्या पाणीपुरवठ्याचे मीटर कंपनी बुडाल्यामुळे आंधळे होणे, यांतला फरक धोरण लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा.

उपाय महाग नाहीत. निविदेत खुला प्रोटोकॉल (उपकरणाने माहिती पाठवण्याचे सर्वांना उपलब्ध नियम) मागा, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर तेच उपकरण वाचू शकेल. सॉफ्टवेअरच्या मूळ संहितेची (सोर्स कोडची) प्रत तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवायची अट घाला, कंपनी बुडाली की ती खरेदीदाराला मिळावी. मोडेम बदलता येईल असा वेगळा बसवा, मदरबोर्डावर डकवलेला नको. कोणते नेटवर्क कोणत्या वर्षापर्यंत चालेल हे दूरसंचार नियामकाने पुरेसे आधी जाहीर करावे. आणि सिमचा खर्च उपकरणाच्या पूर्ण आयुष्यासाठी खरेदीच्या किमतीतच धरावा. कागदावर निविदा महाग दिसेल, पण ती खरी किंमत असेल. आज सर्वांत कमी दराच्या निविदेला काम मिळते आणि त्या दरातून नेमकी ही कलमे गळालेली असतात.

शेवटी कचरा. जगात २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. स्मार्ट उपकरणे आकाराने लहान आणि सर्वत्र विखुरलेली, त्यामुळे ती गोळा करणे अधिकच कठीण. बऱ्याच मीटर आणि सेन्सरमध्ये लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल असतो. तो वर्षानुवर्षे टिकतो, पण पुन्हा चार्ज होत नाही, आणि चुकीने चार्ज केला, तापवला किंवा फोडला तर फुटू शकतो, त्यातून घातक वायू निघतो. भंगार वेचणाऱ्या मुलाच्या हातात तो पडतो तेव्हा त्यावरची बारीक अक्षरातली इंग्रजी सूचना त्याला वाचता येत नाही. उपकरण परत घेण्याची जबाबदारी ते विकणाऱ्यावर घाला आणि त्यासाठीची रक्कम आधी जमा करून घ्या.

संपादक महोदय, या धोरणांचे मसुदे सूचना-हरकतींसाठी ठेवले जातात ते बहुधा इंग्रजीत, संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात आणि थोड्या दिवसांसाठी. सूचना पाठवतात कंपन्या, त्यांच्या संघटना आणि मोठ्या सल्लागार संस्था. पंपचालक, मीटर वाचक, लसींचा फ्रिज सांभाळणारी परिचारिका यांच्यापर्यंत तो कागद पोचतच नाही, आणि उपकरण बंद पडते तेव्हा त्याच्यासमोर उभे असतात ते हेच लोक. असा मसुदा पुन्हा येईल तेव्हा आपल्या वृत्तपत्राने त्यातली खर्चाची, देखभालीची आणि सेवा तोडण्याची कलमे मराठीत सविस्तर छापावीत, सूचना कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायच्या तेही द्यावे. आणि इतकी लाख उपकरणे बसवली असे पत्रकार परिषदेत सांगितले जाईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने दोन प्रश्न अवश्य विचारावेत. काल दिवसभरात यातल्या किती उपकरणांनी माप पाठवले? आणि पुढच्या वर्षीचे सिमचे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली मंजूर आहेत?

आपली,
टेलिमेट्री क्षेत्रातील एक निवृत्त अभियंता